नववीचं कोंडाळं

ब्लासिदा ओवेलार तकुआराच्या शाळेत पहिल्यांदा आल्या त्या दिवशी भूकंप झाला, असं मुख्याध्यापक सानाब्रियासर आजही छातीवर हात ठेवून सांगतात. पॅराग्वेत भूकंप होत नाहीत हे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे आणि ते पुस्तक सरांनी स्वतः सव्वीस वर्षं शिकवलेलं आहे. तरी ते आपल्या जबानीवर ठाम आहेत. आधी खिडकीची तावदानं थरथरली. मग टेबलावरचे रबरी शिक्के आपापल्या पायांनी चालायला लागले. मग फाटकाशी दूध गोळा करणारा ट्रक थांबला आणि मागच्या फळीवरून, दुधाच्या कॅनांच्या मधून वाट काढत, एक बाई उतरली. उतरली म्हणजे काय, ट्रक चार बोटं वर उचलला गेला. आधी तिची सावली अंगणात आली, सावली कोंबड्यांवरून गेली तेव्हा कोंबड्यांना संध्याकाळ झाली असं वाटलं आणि त्या मुकाट्यानं झाडावर चढून बसल्या. मग यथावकाश बाई आली. एका काखेत सुटकेस, दुसऱ्या काखेत चामड्यानं मढवलेला थर्मास. थर्मास कसला, आत वासरू उभं राहून आंघोळ करू शकलं असतं.

सरांनी स्वागताचं भाषण तयार ठेवलं होतं. तीन परिच्छेद होते, दुसऱ्यात राष्ट्रध्वजाचा उल्लेख होता. बाईंनी शाळेच्या इमारतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शाळा हीच, की अजून बांधायची आहे?"

तीन परिच्छेदांपैकी सरांच्या तोंडून फक्त "हो" एवढंच बाहेर पडलं, आणि ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं हे त्यांना आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढे कधीतरी आरोग्य तपासणीत बाईंची उंची मोजली तेव्हा ती पाच फूट तीन इंच भरली. सरांनी पट्टी बदलून पुन्हा मोजायला लावली.

सानाब्रियासर मनानं फार चांगला माणूस. पण देवानं त्यांना माणसाच्या जागी परिपत्रक म्हणून जन्माला घातलं असतं तर ते जास्त सुखी झाले असते. शिक्षण कचेरीतून आलेला प्रत्येक कागद ते तीनदा वाचत, त्यावर तारखेचा शिक्का मारत, मग पोचल्याचा शिक्का मारत, आणि शिक्के सुकेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसत. त्यांच्या कारकिर्दीत शाळेला कधी बक्षीस मिळालं नव्हतं आणि कधी ताकीदही मिळाली नव्हती. दुसऱ्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

अशा माणसाच्या शाळेत नववी होती, हे सरांचं दुखणं. नववीचा वर्ग दुपारी एकला भरे. फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, दुपारी एक वाजता तकुआरात कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून विचारात पडतात. खोलीला पत्र्याचं छप्पर, पंखा एक, आणि तोही विजेची मर्जी असेल तेव्हाच फिरणारा. पटावर एकोणीस नावं होती, वर्गात सात-आठ डोकी असत, आणि त्यातली चार बाकावर टेकवलेली. तीन वर्षांत चार शिक्षक येऊन गेले. एकानं जाताना लिहून दिलं होतं की ही मुलं ऐकत नाहीत, बोलत नाहीत आणि हलत नाहीत, तेव्हा त्यांना शिक्षकापेक्षा माळ्याची गरज आहे.

शिवाय कचेरीचा नियम होता. नववीत पंधरा मुलं नियमित येत नसतील तर वर्ग बंद. मग पुढे शिकायचं तर अठ्ठावीस किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी जायचं, लाल मातीच्या रस्त्यानं. पाऊस पडला की हा रस्ता बंद होतो आणि पडला नाही की दिसत नाही. तकुआरातून तिथं मुलं गेली असती तर दोन-तीन गेली असती. मुली एकही नाही. आठवीनंतर मुलींना शेजारच्या देशात, ब्युनॉस आयर्सला कुणाच्या तरी घरी भांडी घासायला धाडायचं, ही वाट तोंडपाठ असलेलं गाव ते.

पहिले दोन आठवडे ब्लासिदाबाईंनी चारचौघांसारखं शिकवलं. फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवलं. स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारले, मुलांनी छताकडे पाहिलं. देर्लिस नावाचा एक लंबूटांग मुलगा होता, त्यानं डोळे उघडे ठेवून घोरायची कला साधली होती. सुनिल्दा नावाची सगळ्यात लहान चणीची मुलगी तर नाव विचारलं तरी वहीवरचं नाव बोटानं दाखवी. बाई रोज पाच वाजता खडूनं पांढऱ्या होऊन बाहेर पडत तेव्हा सर मनातल्या मनात त्यांच्या बदलीच्या अर्जाचा मसुदा करायला घेत.

पण तिसऱ्या आठवड्यात बाई मधल्या सुट्टीत आंब्याखाली गेल्या. आंब्याखाली तीच मुलं बसली होती. गाईच्या शिंगाचा पेला, म्हणजे आमचा गुआम्पा, त्यात येर्बाचा पाला, धातूची नळी, वरून बर्फाचं पाणी, आणि कोंडाळं करून हे तेरेरे पिणं चाललेलं. आणि देर्लिस बोलत होता. नुसता बोलत नव्हता, मोटरसायकलचं इंजिन चढावर का धापा टाकतं यावर ग्वारानीत, म्हणजे घरात बोलतात त्या भाषेत, व्याख्यान देत होता. दुसरा त्याला खोडत होता, तिसरी दोघांना वेड्यात काढत होती. सुनिल्दा सगळ्यांत लहान म्हणून पाणी ओतायचं काम तिच्याकडे होतं, आणि तीसुद्धा ओतता ओतता एक वाक्य असं टाकी की तिघंही गप्प. बाई आंब्याला टेकून सुट्टी संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग घंटा झाली, मुलं वर्गात शिरली आणि दारातून आत जाताच सगळ्यांचे चेहरे दिवा मालवावा तसे मालवले.

दुसऱ्या दिवशी ब्लासिदाबाई तो वासराचा थर्मास घेऊन वर्गात गेल्या आणि बाकं भिंतीला लावायला सांगितली.

सरांना आवाजावरून कळलं. नववीतून आवाज येतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, साप निघाला. ते काठी घेऊन धावले आणि खिडकीत थिजले. आत खुर्च्यांचं कोंडाळं, मध्ये सुनिल्दा पाणी ओततेय, आणि भिंतीवर, अगदी तिच्या डोक्याच्या वर, तापाच्या साथीनंतर आलेलं परिपत्रक, सरांनी स्वतःच्या हातानं चिकटवलेलं: वर्गखोल्यांत सामायिक पेयपात्राचा वापर करू नये.

बाईंची पद्धत साधी होती. गुआम्पा ज्याच्या हातात येईल त्यानं पिण्याआधी एक प्रश्न विचारायचा. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर माहीत नाही. तो नळीनं ओढत असेपर्यंत बाकीच्यांनी उत्तराला भिडायचं, ग्वारानीत, स्पॅनिशमध्ये, हातवाऱ्यांत, जसं जमेल तसं. अडलं की बाई पुस्तक उघडत, आणि तेव्हा त्या पुस्तकाकडे एकोणीस माणसं अशी बघत जशी काही त्यातून चिपा निघणार आहे, चीजचा गरम पाव. आणि ज्याचं पोट भरलं त्यानं, या देशातल्या कुठल्याही अंगणात म्हणतात तसं, गुआम्पा परत देताना "आभार" म्हणायचं. आभार म्हटलं की तो कोंडाळ्याबाहेर. खुर्ची भिंतीला, आणि घंटेपर्यंत पुस्तकातली उदाहरणं उतरवायची.

पहिल्या दिवशी आलेल्या आठांतल्या पाच जणांनी पाव तासात आभार मानले. त्यांना वाटलं सुटका झाली. त्यांना काळ-काम-वेगाची चाळीस उदाहरणं मिळाली. दुसऱ्या दिवशी तिघांनी मानले. तिसऱ्या दिवसापासून नववीत कुणी कुणाचे आभार मानल्याची नोंद नाही.

सरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. परिपत्रकाचा क्रमांक सांगितला, कलम सांगितलं, तारीख सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की नळी रोज उकळत्या पाण्यात पडते, खोकला असलेल्यानं स्वतःचा गुआम्पा आणायचा आहे, आणि पाण्यात लिंबू आहे. सर म्हणाले, मुद्दा लिंबाचा नाही, मुद्दा कलमाचा आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "सर, कलमाला सांगा, काल अठरा मुलं आली होती."

सरांनी हजेरी उघडून पाहिली. अठरा होती. त्यांनी हजेरीवर फुंकर घातली, का ते त्यांनाही कळलं नाही.

त्यानंतर सर खिडकीबाहेरच्या झाडांना पाणी घालायला लागले. खिडकीबाहेर झाडं नव्हती, म्हणून त्यांनी दोन लावली. आत रोज एक मुलगा घरून पाण्यात घालायची वनस्पती आणी, ती खलबत्त्यात कुटताना तिच्याबद्दल सांगे, पोटाला चालते की मूत्रपिंडाला, मूळ घ्यायचं की पान. त्यातून वनस्पतिशास्त्र निघालं. बर्फ पाण्यावर का तरंगतो यावर दोन दिवस हमरीतुमरी झाली. देर्लिसनं विचारलं की पराणा नदीवर एवढं मोठं धरण आहे आणि आमचीच वीज का जाते, तर त्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच आलं नाही, बाईंनाही नाही, आणि पुस्तकालाही नाही. बाईंनी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि वर्षभर पुसू दिला नाही. एक पालक तक्रार घेऊन आला की मुलगा घरी जेवताना प्रश्न विचारतो आणि मंडिओकाचे उकडलेले कंद गार होतात. बाईंनी त्याला बसवून घेतलं, गुआम्पा हातात दिला आणि नियम सांगितला. तो चार वाजेपर्यंत बसला आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला.

ऑक्टोबरमध्ये पत्र आलं. सुपरवायझर बेनेगाससाहेब गुरुवारी येत आहेत, नववी ठेवायची की बंद करायची ते ठरवायला. पटसंख्या, उपस्थिती, आणि तिसरं, "विद्यार्थ्यांची बौद्धिक जागृती". सरांनी पत्र तीनदा वाचलं, पण या वेळी शिक्का मारायला हात उचलेना.

ते स्वतः चालत ब्लासिदाबाईंच्या खोलीवर गेले. बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची विनवणी केली. एकच दिवस, बाई. बाकं रांगेत लावू, थर्मास माझ्या कपाटात ठेवू, मुलं धुतलेला पांढरा डगला घालून बसतील. संख्या भरलेलीच आहे. साहेब दोन प्रश्न विचारतील, मुलं दोन उत्तरं देतील, साहेब जातील, नववी राहील. मग तुम्ही वर्गात तेरेरे प्या नाहीतर बैल जुंपा.

बाईंनी एक चादर झटकली. त्या म्हणाल्या की हे त्यांना पटत नाही. सर म्हणाले, मलाही पटत नाही, मला भीती वाटते. हे वाक्य ऐकून बाई थांबल्या. भित्रा माणूस भीती वाटते असं कबूल करतो तेव्हा त्याला नाही म्हणणं जड जातं. बाईंनी एका दिवसासाठी हो म्हटलं.

गुरुवारी एकोणीस मुलं आली. पटावरची सगळी. सुनिल्दाचा डगला इतका कडक इस्त्रीचा होता की तो तिच्याशिवायही बसू शकला असता. बाकं रांगेत. बेनेगाससाहेब एकोणचाळीस अंशांत टाय लावून आले. वाटेत चढावर त्यांच्या गाडीचं पाणी उकळलं होतं, त्यामुळे ते अर्धा तास उन्हात उभे होते आणि गाडीइतकेच तापलेले होते. सरांनी भाषण केलं. या खेपेला तिन्ही परिच्छेद निघाले.

मग साहेबांनी विचारलं, पाण्याचं रासायनिक सूत्र काय.

स्पॅनिशमध्ये विचारलं, उभं राहून विचारलं, हातात पेन घेऊन विचारलं. एकोणीस मुलांनी छताकडे पाहिलं.

साहेबांनी विचारलं, प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय. ज्या पोरांनी पंधरा दिवसांपूर्वी या गोष्टीवरून एकमेकांच्या खुर्च्या ओढल्या होत्या त्यांनी छतावरचे पत्रे मोजायला घेतले. साहेबांनी देर्लिसकडे बोट केलं. देर्लिस उभा राहिला, आणि सरांनी पाहिलं, त्याचे डोळे उघडे होते आणि आत कुणी नव्हतं. साहेबांनी सुनिल्दाला नाव विचारलं. तिनं वहीवर बोट ठेवलं.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. छोटंसंच. सरांना मागून दिसलं, शून्य होतं. संख्या पूर्ण होती, इस्त्री पूर्ण होती, आणि नववी डोळ्यांदेखत मरत होती, आणि तिला मारायची कल्पना त्यांची स्वतःची होती.

तेव्हा मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या ब्लासिदाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "सर, तुमच्या कपाटाची किल्ली द्या."

सरांचा हात खिशात गेला. आजही ते सांगतात की हात आपोआप गेला, त्यांनी पाठवला नव्हता.

बाई थर्मास घेऊन आल्या. "चुकलं माझं," त्या मुलांना म्हणाल्या, ग्वारानीत. "मी तुमच्यामुळे लाजले असं तुम्हाला वाटलं असेल. लाजले नव्हते, घाबरले होते. बाकं भिंतीला लावा."

एका मिनिटात कोंडाळं झालं. साहेब बाकांच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडले, तिथून त्यांना बाहेर यायला कोंडाळ्यातली खुर्चीच घ्यावी लागली. सुनिल्दानं पहिलं पाणी ओतलं. पहिलं पाणी संत तोमासचं, ते कुणी पीत नाही, पाल्यात मुरू द्यायचं.

"मुख्याध्यापक," बेनेगाससाहेब म्हणाले, "भिंतीवर काय चिकटवलंय ते मला इथून वाचता येतंय. हे थांबवा."

सर परिपत्रकाच्या बरोबर खाली उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. आणि नेमका त्याच वेळी सुनिल्दानं दुसरं पाणी ओतून, सगळ्यांत वडील माणूस म्हणून, गुआम्पा त्यांच्या हातात दिला.

गार शिंग हातात. समोर साहेब. एकोणीस पोरं बघतायत. कोंडाळ्यात आलेला गुआम्पा परत ढकलणं हे आमच्याकडे कुणाच्या आईला नावं ठेवण्याच्या जवळपास जातं. आणि प्यायचा तर आधी प्रश्न विचारायचा.

"मला एक विचारायचंय," सानाब्रियासर म्हणाले. आपण ग्वारानीत बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा अर्धं वाक्य होऊन गेलं होतं. शाळेच्या भिंतींच्या आत ते एकोणपन्नास वर्षांत या भाषेत एक शब्द बोलले नव्हते. "मी पहिलीत असताना वर्गात ग्वारानी बोललो की तेव्हाच्या बाई मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवायच्या. तासभर. उन्हाळ्यात गुडघ्याला घाम यायचा, दाणे ओले व्हायचे. मला तेव्हापासून वाटतं, असं रोज बसलं असतं तर त्यांना कोंब फुटला असता का?"

आणि ते प्यायले.

कुणी हसलं नाही. देर्लिस जागा झाला. तो म्हणाला, ओल मिळते, ऊब मिळते, फुटायला हवा. एक जण म्हणाला, घामात मीठ असतं, मिठानं बी मरतं. किती मीठ? मोजायचं कसं? एक मुलगी म्हणाली, सर तासाभरानं उठत होते, बीला चार-पाच दिवस ओल लागते, म्हणजे सर उठले म्हणून कोंब वाचला की मेला, ते आधी ठरवा. सुनिल्दा पाणी ओतता ओतता म्हणाली, "करून बघू. एका ताटलीत साधं पाणी, एका ताटलीत मिठाचं. सरांना नको बसवायला."

तेव्हा कुठे हसले. सरही हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर गेला होता. ते सरांच्याच वयाचे होते आणि इथून फार लांबच्या गावचे नव्हते.

गुआम्पा भरून सुनिल्दा त्यांच्यापुढे उभी राहिली. साहेबांनी एकदा परिपत्रकाकडे पाहिलं, एकदा गुआम्पावर जमलेल्या दवाकडे. अर्धा तास उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाची ती परीक्षा होती आणि तो नापास झाला. त्यांनी हात पुढे केला.

"आधी प्रश्न, साहेब," देर्लिस म्हणाला.

साहेबांनी विचारलं, बोलिव्हियाची राजधानी कोणती. सगळं कोंडाळं एकदम नाराज झालं. हे तुम्हाला येतं, साहेब. येत नसलेलं विचारा. साहेबांनी दुसरा विचारला, तोही येत असलेला निघाला. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खिशात घातलं. वीस वर्षं ते शाळाशाळांतून प्रश्न विचारत हिंडत होते आणि त्यांतला एकही त्यांना पडलेला नव्हता. शेवटी त्यांनी टाय सैल केला आणि जरा रागानंच विचारलं की सपाटीवर चालणारी गाडी तकुआराच्या चढावरच का उकळते.

एवढं बस होतं. देर्लिस खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. वेग कमी, वारा कमी, पंख्याचा पट्टा ढिला. नाही, पाणीच कमी. झाकण नीट बसत नसेल, दाब सुटत असेल, दाब सुटला की पाणी लवकर उकळतं. दाबाचा आणि उकळण्याचा काय संबंध? पुस्तक उघडा, बाई. बाईंनी उघडलं. एकोणीस डोकी पुस्तकावर आली आणि त्यांत एक विसावं, साहेबांचं, टक्कल पडलेलं.

पुन्हा गुआम्पा साहेबांकडे आला तेव्हा त्यांनी वेळ लावला नाही. हळू विचारलं, तेही ग्वारानीत: "मघाशी मी पाण्याचं सूत्र विचारलं. तुम्हाला येत होतं. का नाही सांगितलं?"

मग सुनिल्दा थर्मास मांडीवर ठेवून म्हणाली, "तुम्हाला माहीतच होतं, साहेब. आम्ही कशाला सांगायचं?"

साहेब नळी तोंडात धरून बसून राहिले. पाणी संपलं तरी नळीचा घुरघुर आवाज येत होता.

पाचाची घंटा झाली. सरांनी सवयीनं उठायचा प्रयत्न केला. साहेबांना पदाची आठवण झाली, ते म्हणाले, वेळ संपली, आता हे बंद करा. ब्लासिदाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"साहेब, तुम्ही वर्ग बंद करू शकता," बाई म्हणाल्या. "तो अधिकार तुमचा आहे. पण कोंडाळं बंद करायचा अधिकार या देशात कुणालाच नाही. ज्याचं पोट भरलं त्यानं आभार म्हणावं आणि उठावं. बोला, कुणाचं भरलंय?"

एकोणीस मुलं गप्प. ही दुपारची पहिली शांतता नव्हती, पण पहिलीसारखी मुळीच नव्हती. कुणी छताकडे पाहत नव्हतं. सगळी सुपरवायझरकडे पाहत होती, मान वर करून, सरळ. सुनिल्दानं एकेकापुढे गुआम्पा धरला, प्रत्येकानं प्रश्न विचारला, पिऊन परत दिला, आणि आभार कुणी म्हटलं नाही. सरांपुढे आला. त्यांनी परिपत्रकाखाली बसून विचारलं, प्यायले, परत दिला, आभार म्हटलं नाही.

साहेबांपुढे आला. त्यांना फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो शब्द म्हटला की ते सुटत होते, अगदी सभ्यपणे.

त्यांनी विचारलं, "हे कोपऱ्यातलं धरणाचं कुणी विचारलंय? त्याचं उत्तर काय?"

साडेसहाला थर्मासच रिकामा झाला तेव्हा सगळे उठले. देर्लिसनं गाडीच्या झाकणाला सुतळी गुंडाळून दिली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. नववी चालू ठेवावी, असं त्यात होतं. आणि खाली, आरोग्यविषयक परिपत्रकाचा उघड भंग केल्याबद्दल शिक्षिका ब्लासिदा ओवेलार आणि मुख्याध्यापक सानाब्रिया यांना लेखी ताकीद, असंही होतं. बाईंनी ती कोंडाळ्यात वाचून दाखवली आणि देर्लिसनं विचारलं की एक ताकीद मिळाल्यावर दुसरी किती दिवसांनी येते. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून बघायचं ठरलं. दुसरी मार्चमध्ये आली. पुढच्या चार वर्षांत एकूण सहा आल्या. सानाब्रियासर प्रत्येकीवर तारखेचा शिक्का मारत, पोचल्याचा शिक्का मारत, फुंकर घालत आणि ती परिपत्रकाशेजारी चिकटवत. सहावी आली तेव्हा भिंतीवर जागा उरली नव्हती, ती त्यांनी परिपत्रकावरच चिकटवली.

त्या चार वर्षांत तकुआरातून एकतीस मुलं-मुली नववी पुरी करून त्याच लाल मातीच्या रस्त्यानं दहावीला गेली. सुनिल्दा त्यांत होती.

मग सोयाबीनवाल्यांनी आजूबाजूच्या जमिनी घेतल्या आणि घरं एकेक करून उठून गेली. बाई आल्यापासून सातव्या वर्षी नववीच्या पटावर सहा नावं होती. वर्ग बंद झाला.